कळव्याची रोहूवाली मावशी: कण्यापर्यंत साफ करून देते

तेवीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, प्रॅक्टिकलला मासे फाडले. त्यामुळे मासळी घेताना माझी नजर आधी पोटात जाते. कळव्याच्या मासळी बाजारातल्या एका मावशीकडून वर्षभर रोहू-कटला घेतेय, म्हणून लिहिते.

खवलं सगळेच काढतात. ही कल्ले मुळापासून उपटते, पित्त न फोडता काळीज (यकृत) काढते आणि मग पोटातल्या हवेच्या फुग्याच्या मागे, कण्याला चिकटून असलेली काळपट लाल पट्टी नखाने पार खरवडून काढते. लोकांना ते साकळलेलं रक्त वाटतं. ती माशाची किडनी असते. पाण्यातून आलेलं कॅडमियम, हा विषारी धातू, मुख्यतः तिथे आणि काळजात साठतं. तांबं, शिसं यांचा पहिला मार बसतो कल्ल्यांना. त्यांच्या नाजूक पाकळ्या सुजतात, एकमेकींना चिकटतात, वर बुळबुळीत थर धरतो, आणि मासा भरल्या पाण्यात गुदमरतो. शिजवून धातू जात नाहीत. मुंडक्याचं कालवण करणाऱ्यांनी कल्ले अजिबात ठेवू नयेत.

याच बाजारात एकदा घाईत दुसरीकडून रोहू घेतला. घरी उघडला तर कल्ले तसेच, पट्टीही तशीच. परत जाऊन सांगितलं तर म्हणे, "कालवणात सगळं चालतं." माझी नात चार वर्षांची आहे, मला नाही चालत.

अर्थात साफ करून सगळं निभावत नाही. पारा मांसातच मुरतो, तिथे कोयता काय करणार? लालबुंद कल्ले बघून मासा ताजा आहे एवढंच कळतं. म्हणून मासा कुठला हे विचारावंच लागतं. वालधुनी, कासाडी या कारखान्यांचं सांडपाणी झेललेल्या नद्या आपल्यापासून लांब नाहीत, आणि गाळात बसलेला धातू तळाशी चरणाऱ्या माशांत चढतो. मावशी विचारलं की सरळ सांगते, "आंध्राच्या तळ्यातला हाय ताई, बर्फातून आलाय." नाल्याकडची तिलापिया कुणी स्वस्तात आणून दिली तरी ती घेत नाही, हे मी समोर पाहिलंय.

तक्रार एकच. धुवायला एक बादली, तिसऱ्या गिऱ्हाइकाला पाणी लाल झालेलं असतं. सांगितलं तर बदलते, पण सांगावं लागतं. गेल्या रविवारी रोहू 220 रुपये किलो होता, शेजारच्यापेक्षा वीस जास्त. मी खुशीने दिले. जायचं तर नऊच्या आत जा. नंतर गर्दीत पट्टी राहून जाते, तेव्हा पोट उघडून दाखवायला सांगा. ती दाखवते.