गिटसाठी ऑफिसचा सर्व्हर: एसएसएच कॉन्फिग की इन्स्टेडऑफ?

म्हापशातल्या एका मैत्रिणीचा प्रश्न: ऑफिसचा गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) सर्व्हर वेगळ्याच पोर्टवर आहे. त्याची नोंद एसएसएचच्या (दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारं साधन) कॉन्फिग फाइलीत करावी, की गिटच्या इन्स्टेडऑफमध्ये (एका पत्त्याऐवजी दुसरा वापरायला सांगणारी सेटिंग)?

मेहनत दोन्हीकडे थोडकीच. सर्व्हर पणजीतून क्लाउडवर गेला तरी बदल एकाच जागी.

खरा फरक चावीचा, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइलीचा. एसएसएचच्या होस्ट नोंदीत सर्व्हरला टोपणनाव देऊन पोर्ट, युजर आणि चावीची फाइलही ठरवता येते. एकाच सर्व्हरवर दोन खाती असतील तर दोन टोपणनावं, दोन चाव्या. (सोबत आयडेंटिटीजओन्ली येस लिहाच, नाहीतर चाव्या सांभाळणाऱ्या एजंटमधली भलतीच चावी पुढे जाऊ शकते.) तीच नोंद फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकलाही चालते. पण एचटीटीपीएसच्या पत्त्यांना तिचा उपयोग नाही, आणि ते टोपणनाव सबमोड्यूलच्या (रेपोत, म्हणजे कोडसाठ्यात, जोडलेला दुसरा रेपो) फाइलीत शिरलं की सहकाऱ्याचं क्लोन (रेपोची प्रत उतरवणं) अडतं.

इन्स्टेडऑफ फक्त पत्त्याची सुरुवात बदलतं, चावी निवडत नाही. मात्र रेपोत लिहिलेला पत्ता तसाच राहतो. सबमोड्यूलचे एचटीटीपीएस पत्तेसुद्धा तुमच्या मशीनवर एसएसएचने जाऊ शकतात.

दोन-तीन क्लायंटची खाती सांभाळणाऱ्या फ्रीलान्सरने एसएसएच कॉन्फिगच घ्यावं. सबमोड्यूल वापरणाऱ्या टीमला मी इन्स्टेडऑफ सांगेन. दोन्ही गरजा असतील तर इन्स्टेडऑफमध्ये एसएसएचचं टोपणनाव द्या, बिनदिक्कत चालतं.