सोसायटीच्या दाराला ओटीपी कीपॅड: घ्यावा का?

मोबाईलवर दर 30 सेकंदांनी बदलणारा सहा आकडी कोड दाबून दार उघडणारे हे कीपॅड किल्ली किंवा कार्डापेक्षा नक्कीच बरे. कोड फोनमध्येच त्या क्षणाच्या वेळेवरून तयार होतो, त्यामुळे तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नसली तरी अडत नाही. एसएमएसने कोड पाठवणारी यंत्रणा नेमकी तिथेच मार खाते.

खरी गोम घड्याळात. कोड तपासून दार उघडणाऱ्या डब्याचे, म्हणजे कंट्रोलरचे, घड्याळ फोनच्या वेळेशी जुळावे लागते. ते साध्या क्वार्ट्झ क्रिस्टलवर चालत असेल तर दिवसाला दीड-दोन सेकंदांचा फरक सहज पडतो. महिन्याभरात तो मिनिटाच्या घरात जातो आणि बरोबर कोडही नाकारला जातो. मग सगळे कीपॅडला शिव्या देतात! इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवणारा कंट्रोलरच घ्या.

बसवताना रिले, म्हणजे कुलपाची वीज चालू-बंद करणारा स्विच, आतल्या बाजूच्या कंट्रोलरमध्ये हवा. काही स्वस्त मॉडेल्समध्ये तो बाहेरच्या कीपॅडमध्येच असतो. चार स्क्रू काढून दोन वायरी जोडल्या की दार उघडले. चुंबकी कुलूप वीज गेली की सुटते, म्हणून 12 व्होल्टची बॅकअप बॅटरी लावा. पण आगीच्या वेळी ते सुटायला हवेच, म्हणून आतले एक्झिट बटण वगळू नका.

फोनमध्ये कोड सुरू करण्यासाठी एकदा स्कॅन करायचा क्यूआर प्रत्येक रहिवाशाला वेगळा द्या. त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला तर ती कायमची किल्लीच वाटल्यासारखे आहे. वापरलेला कोड पुन्हा चालत नाही ना आणि पाच चुकांनंतर कीपॅड थांबतो ना, हे पैसे देण्याआधी तपासा.