फॅमिलीसर्च: कॅथलिक घराण्यांची वंशावळ, मॉर्मन कोठारात

वसईतल्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक घराण्याची वंशावळ लावायला बसलेला माणूस आज ना उद्या फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर पोचतोच. खातं फुकट, शोध फुकट, खुली असलेली पानं उतरवून घेणंही फुकट. चालवणारे आहेत अमेरिकेतल्या युटाहचे लॅटर-डे सेंट्स, म्हणजे मॉर्मन हा वेगळा ख्रिस्ती पंथ. (2018 पासून ‘मॉर्मन’ न म्हणता चर्चचं पूर्ण नाव घ्या असा त्यांचा आग्रह आहे, समोरासमोर बोलताना तेवढं पाळावं.) 1894 पासून वंशावळींचं हे काम चालू आहे, 1938 पासून जुन्या नोंदींची मायक्रोफिल्म काढण्याचं, आणि जवळपास 24 लाख रिळं 2021 पर्यंत डिजिटल झाली.

एवढा खटाटोप फुकट का, हे मात्र आधी कळायला हवं. योग्य अधिकारानं झालेल्या बाप्तिस्म्याशिवाय मेलेल्या पूर्वजांसाठी जिवंत सदस्यानं मंदिरात बाप्तिस्मा घ्यावा, ही त्यांची शिकवण; त्यासाठीच पूर्वजांची नावं हवीत. बारा बैलांच्या मूर्तींवर उभारलेल्या कुंडात सदस्याला पूर्ण बुडवतात आणि नाव मृताचं घेतात. आत्म्यानं तो स्वीकारायचा की नाकारायचा, हे त्याच्यावर. आधार बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा, 15:29. कॅथलिकही मृतांसाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) सांगतात, 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. पण ती प्रार्थना असते, संस्कार नव्हे. साक्रामेंत, म्हणजे चर्चचे संस्कार, जिवंतांनाच, आणि बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच. म्हणून 2008 मध्ये व्हॅटिकननं सगळ्या धर्मप्रांतांना कळवलं, की धर्मग्रामांच्या (एकेका चर्चच्या परिसराच्या) नोंदवह्या या कामासाठी चित्रित करू देऊ नका. त्याआधी चित्रित झालेलं पुष्कळ आहे, ते तिथेच आहे.

व्हॅटिकनचा हा पवित्रा काहींना कोता वाटतो. मला तो सुसंगत वाटतो. 2001 मध्ये कार्डिनल रात्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या व्हॅटिकनमधल्या विभागानं मॉर्मन बाप्तिस्मा अग्राह्य ठरवला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावं दोन्हीकडे तीच. पण कॅथलिकांचं त्रैक्य म्हणजे एकाच तत्त्वाच्या तीन व्यक्ती, तर मॉर्मनांकडे तीन वेगळ्या सत्ता, त्यातही पिता आणि पुत्र यांना हाडामांसाचं शरीर. उलट दिशेनंही तेच: कॅथलिक माणूस तिकडे गेला तर त्याचा पुन्हा बाप्तिस्मा होतोच. कुणी कुणावर अन्याय करत नाही, हिशोब सरळ आहे.

आता प्रत्यक्ष वापर. नुसतं नाव टाकून शोधू नका. नावांची अनुक्रमणिका सगळ्या वह्यांची झालेली नाही, आणि झालीय तिथे पोर्तुगीज हस्ताक्षरानं फसवलेलं असतं. कॅटलॉगमध्ये गावाच्या नावानं जा, पोर्तुगीज स्पेलिंगही टाकून बघा. नोंदीसमोर नुसता कॅमेरा दिसला तर पानं घरबसल्या उघडतात. कॅमेऱ्यावर किल्ली असेल तर ती बंधनात आहेत, बऱ्याचदा त्यांच्या केंद्रात जाऊनच बघायची. एका रिळात अनेक वह्या असतात, म्हणून प्रत्येक वहीचं पहिलं पान गाठून वर्ष बघा. फिल्मचा आणि चित्राचा क्रमांक दोन्ही टिपून ठेवा; एकच टिपला तर परत सापडणं मुश्कील. आणि समास वाचाच! 1908 पासून लग्नाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करण्याचा नियम आहे. कुणाशी, कुठल्या चर्चमध्ये, कधी, हे सगळं तिथे मिळू शकतं, आणि अनुक्रमणिका करणारे नेमकं तेच सोडून देतात.

शोधासाठी पाचपैकी साडेचार. सगळे मिळून भरतात त्या तिथल्या सामाईक वंशवृक्षाला मात्र दोनच. मृत व्यक्तीचं पान कुणीही बदलू शकतं, आणि ‘मारिया फर्नांडिस’ असल्या नावांच्या चार बायका एकीत विलीन करून मोकळे होणारे उत्साही लोक तिथे भरपूर. धर्मांतराच्या वेळी पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव अख्ख्या वाड्याला, म्हणजे गावातल्या वस्तीला, लागलेलं असतं. आडनाव एक म्हणजे भाऊबंद, असं धरू नका. आई-वडील, आजी-आजोबा आणि वाडा जुळल्याशिवाय विलीनीकरण नको. आपली मूळ प्रत स्वतःच्या संगणकावर ठेवा. मंदिरविधींचा भाग सदस्य नसलेल्यांना दिसतच नाही, त्यामुळे आपल्या पणजोबांच्या नावानं तिकडे काय झालं ते कळत नाही. 110 वर्षांच्या आत जन्मलेल्यांसाठी जवळच्या नातलगाची परवानगी लागते, असा त्यांचा नियम आहे; त्याआधीच्यांना हे संरक्षण नाही. हे ज्याला खटकतं त्यानं स्कॅन वापरावे, झाडात नावं भरू नयेत.

धर्मग्रामात मॉर्मन पाहुण्यांसोबत संवाद ठेवायचा असेल, तर मरिया किंवा पोप यांच्यापासून सुरुवात करू नका, तासाभरात दोन्ही बाजू पाठ केलेली उत्तरं देऊ लागतात. त्याऐवजी एक जुनी नोंद पडद्यावर लावा: तान्हं बाळ, घरीच सुईणीनं बाप्तिस्मा दिला, तिसऱ्या दिवशी मेलं. कॅथलिक म्हणेल, अडचणीच्या वेळी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, अगदी बाप्तिस्मा न झालेलाही. पाणी, शब्द आणि हेतू बरोबर हवा. मॉर्मन म्हणेल, सुईणीला तो अधिकारच नव्हता, पण बिघडलं काहीच नाही, कारण आठ वर्षांखालच्या मुलाला बाप्तिस्म्याची गरजच नसते. मंदिरात त्या बाळासाठी करतात ते फक्त आई-वडिलांशी अनंतकाळासाठी जोडणं. तिथून लग्नाचा विषय आपोआप निघतो: त्यांच्याकडे मंदिरातलं लग्न मरणापलीकडे टिकतं, कॅथलिक शपथ मरणापर्यंतची. अधिकार, कृपा, मूळ पाप, कुटुंब, सगळं त्या एका ओळीत येतं. फक्त नोंद शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची निवडा आणि आडनाव झाका, नाहीतर समोरच्या बाकावर त्याच घरातलं कुणीतरी बसलेलं असायचं.