ट्रकवरून माणूस पडू नये म्हणून काय बसवायचं: धक्का, प्लॅटफॉर्म की हार्नेस?

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही एमआयडीसीत जावा, लोडिंगला माणसं पडू नयेत म्हणून काय घ्यायचं म्हटलं की पहिलं नाव हार्नेसचं (अंगात घालायचा, दोरीनं वर अडकवायचा सेफ्टी पट्टा) निघतं, कारण ते स्वस्त आणि ऑडिटवाल्याला दाखवायला सोपं. माझं मत आधीच सांगतो, हार्नेस सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा की गडी हौद्यावर (गाडीत माल ठेवायच्या भागावर) चढतोच कशाला, ताडपत्री सोडायला, क्रेनचा हुक लावायला, की माल हातानं रचायला? तिन्हीला वेगवेगळी सोय लागते.

पक्का धक्का
धक्का म्हणजे गाडी मागं लावून माल चढवायचा उंच ओटा. मार्केट यार्डात गुळाचे रवे, पोती, खोकी, म्हणजे मागच्या बाजूनं हातानं किंवा ट्रॉलीनं चढणारा माल असेल तर याला तोड नाही. हौदा आणि धक्का एका लेव्हलला आला की फळीवरून पाठीवर ओझं घेऊन चढणंच संपलं. पण मोठ्या गाडीचा हौदा साधारण ४ ते ५ फुटांवर आणि छोटा टेम्पो त्याच्या खाली, त्यामुळं मधे डॉक लेव्हलर (उंची जुळवून घेणारी वर-खाली होणारी फळी) किंवा निदान जाड चेकर्ड प्लेट (न घसरणारा नक्षीचा लोखंडी पत्रा) पाहिजेच. फोर्कलिफ्ट आत-बाहेर करताना गाडी हळूहळू पुढं सरकते आणि फट वाढत जाते, म्हणून चाकाला ठोकळे लावायचे आणि किल्ली सुपरवायझरकडं ठेवायची, नाहीतर ड्रायव्हर झालं समजून गाडी काढतो आणि माणूस मधल्या मधे. आणि गाडी नसते तेव्हा धक्क्याची मोकळी कड हीच पडायची जागा असते, तिथं साखळी लावा.

फिरता लोखंडी रॅम्प
भाड्याची जागा असेल, बांधकाम करता येत नसेल तर चांगला. जागा मात्र बरीच खातो, आणि पावसाळ्यात चाकाचा चिखल वर गेला की घसरतो, जाळीचा घ्या.

कठड्याचा प्लॅटफॉर्म
फाउंड्रीवाल्यांनी इकडं नीट बघा. कास्टिंगचा माल वरून क्रेननं नाहीतर बाजूनं फोर्कलिफ्टनं चढतो, तिथं मागच्या धक्क्याचा काय उपयोग? गाडी दोन प्लॅटफॉर्मच्या मधे घ्यायची, हुक लावणारा गडी कठड्याच्या आतनंच काम करतो, जिना असल्यामुळं टायरवर आणि फाळक्यावर (हौद्याच्या उघडणाऱ्या झडपेवर) पाय देऊन चढणं बंद होतं (उतरताना उडी मारायची सवय तर विचारू नका, घोटे त्यातच जातात). ताडपत्रीसाठीही हाच, फक्त उंच लागतो. एका बाजूलाच केला तर दुसऱ्या बाजूनं पडायला जागा राहतेच, पैसे वाचवायला तेवढं करू नका.

हार्नेस
६ फुटी दोरी, झटका बसल्यावर तिच्यातला शॉक ॲब्सॉर्बर (झटका सोसणारी घडीची पट्टी) ३-४ फूट उघडतो, वर माणसाचं अंग आणि थोडी मोकळीक, असं धरलं तर अँकरच्या (दोरी अडकवायच्या जागेच्या) खाली १७-१८ फूट रिकामी जागा लागते. आता तुमचा गडी ५ फुटांच्या हौद्यावर उभा आणि दोरी गाडीच्याच रेलिंगला, म्हणजे दोरी ताणायच्या आधी तो जमिनीवर. हार्नेसवर आयएस ३५२१ चा (भारतीय मानकाचा) शिक्का असला तरी हे गणित बदलत नाही. हार्नेस घ्यायचाच तर डोक्यावर पक्की रेल आणि तिला दोरी आपोआप आत ओढणारा ब्लॉक, जो गाडीच्या सीट बेल्टसारखा झटक्याला लगेच अडकतो. पण ज्या शेडमध्ये ईओटी क्रेन (छताखालच्या रुळावरची विजेची क्रेन) फिरते तिथं ही रेल क्रेनच्या आडवी येते, आणि ट्रसला (छताच्या लोखंडी कैचीला) वजन झेपतं का हे इंजिनिअरनं बघितल्याशिवाय काही अडकवायचं नाही. शिवाय लोंबकळलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यायची तयारी लागते, ती किती जणांकडं असते?

म्हणून हातानं भरायचा माल असेल तर धक्का, क्रेन नाहीतर फोर्कलिफ्टचा असेल तर प्लॅटफॉर्म, आणि हार्नेस फक्त उंच ताडपत्रीच्या कामाला, जिथं प्लॅटफॉर्म पोचतच नाही तिथं. ‘एवढ्याशा उंचीला काय होतंय’ म्हणणाऱ्यांसाठी, १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या ३२व्या कलमात पडण्याची शक्यता असलेल्या उंचीवर कठडा किंवा तशी सोय करायला सांगितलेलंच होतं (नोव्हेंबर २०२५ पासून त्या ॲक्टच्या जागी नवीन कामगार संहिता आली).

ऑर्डर द्यायच्या आधी एक काम करा, आठवडाभर गेटवर टेप घेऊन येणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या हौद्याची उंची लिहून ठेवा, रिकाम्याची वेगळी आणि भरलेल्याची वेगळी, कारण माल चढला की हौदा खाली बसतो. फॅब्रिकेटर म्हणेल स्टँडर्ड साईज आहे, घ्या. ऐकू नका, तुमच्या मापाचाच करून घ्या.