मनालीच्या पॅकेजपायी ९६,०२५ रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आकडा आधीच सांगतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको. ९६,०२५ रुपये. मनालीच्या रिसॉर्टचं बुकिंग म्हणून दिले आणि त्या रिसॉर्टकडं आमच्या नावाची नोंदच नाही. रेल्वेची तिकिटं रद्द केल्याचा भुर्दंड वेगळा, तो यात धरलेला नाही. लिहायला लाज वाटते. आईला अजून खरा आकडा सांगितलेला नाही. पण आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातच आणखी दोघांना त्याच आवाजाचा फोन आलाय, म्हणून लिहितोय.

पद्धत नेहमीचीच. खऱ्या रिसॉर्टचे चोरलेले फोटो, इन्स्टावर जाहिरात, खाली व्हॉट्सॲपचं बटण. 'बारमाही हिल रिसॉर्ट, मे महिन्यातही खिडकीतून बर्फ.' आता मनाली गाव साधारण दोन हजार मीटर उंचीवर. मेमध्ये तिथं हॉटेलच्या खिडकीला कुठला आलाय बर्फ! तो बघायला वर रोहतांग खिंडीत, ३,९७८ मीटरवर जावं लागतं. हे सगळं मला आता पाठ झालंय. पत्र्याच्या शेडमध्ये लेथपाशी घाम पुसत जाहिरात बघितली तेव्हा नव्हतं.

फोनवरचा मराठी बोलत होता, तेच नडलं. "दादा, मी मूळचा सांगलीचा, कंपनी चंदीगडची." आईचे गुडघे दुखतात म्हटल्यावर तळमजल्याची खोली देतो म्हणाला. दिल्लीपासून व्होल्वो घेऊ नका, घाटात म्हाताऱ्या माणसांना उलट्या होतात, टेम्पो ट्रॅव्हलर देतो, असंही त्यानंच सुचवलं. आईच्या गुडघ्यांची काळजी करणाऱ्यावर कोण संशय घेईल, सांगा. वहिनी म्हणत होत्या, पन्हाळ्याला जाऊया की दोन दिवस. आम्ही सगळे हसलो.

दोघा भावांची कुटुंबं आणि आई मिळून नऊ माणसं. सात मोठ्यांचे प्रत्येकी ११,५०० आणि दोन पोरांचे ६,५०० प्रमाणे ९३,५०० झाले. त्यातले ४० टक्के, म्हणजे ३७,४०० रुपये, ॲडव्हान्स दिले. लगेच पीडीएफ पावती आली. लोगो, शिक्का, सही, जीएसटी नंबर, सगळं जागच्या जागी.

तो जीएसटी नंबर २७ नं सुरू होत होता.

मी जॉबवर्क करतो. रोज बिलं करतो. पार्टीच्या नंबरात पहिले दोन आकडे २७ सोडून दुसरे दिसले की माझा हात आपोआप थांबतो, कारण मग आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या व्यवहाराचा जीएसटी, लावायचा असतो. महाराष्ट्र २७, चंदीगड ०४, हिमाचल ०२, हे मला झोपेतसुद्धा सांगता येईल. कंपनी चंदीगडची, रिसॉर्ट मनालीचं आणि नंबर महाराष्ट्राचा! मी तो बघितला. बघितला, आणि मनात म्हटलं, असेल यांची पुण्यात शाखा. ह्या एका वाक्यानं माझी झोप उडवलीय. जीएसटीच्या साईटवर लॉगिन न करता नंबर टाकून नाव बघता येतं, दोन मिनिटांचं काम. नंतर टाकला तर कुठल्यातरी कापड दुकानदाराचा नंबर निघाला. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसणार.

यूपीआय करतानाही स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. विचारलं तर म्हणे, "आमचे अकाउंटंट आहेत दादा, कंपनी खात्याचं आजचं लिमिट संपलंय." पिन टाकायच्या आधी दिसणारं नाव खातेदाराचं असतं. ते जुळत नसेल तर तिथंच फोन ठेवा. कारण ऐकत बसू नका.

पुढं 'आज पूर्ण भरलं तर ५ टक्के सूट' म्हणाला. उरलेल्या ५६,१०० मधून ४,६७५ वजा करून ५१,४२५ पाठवले. सीझनमध्ये दर वाढतात हे खरंच आहे, त्यामुळं त्यात वावगं काही वाटलं नाही. शेवटी रोहतांगच्या परवान्याचे माणशी ८०० प्रमाणे ७,२०० घेतले. तो परवाना गाडीला मिळतो, माणसाला नाही! रोज पेट्रोलच्या ८०० आणि डिझेलच्या ४०० गाड्यांनाच सोडतात, आणि मंगळवारी पर्यटकांना रस्ता बंद असतो. आमच्या कार्यक्रमात रोहतांग मंगळवारीच होतं. बायकोनं हे वाचलं आणि रिसॉर्टच्या स्वतःच्या साईटवरून नंबर काढून फोन लावला. पलीकडचा माणूस न विचारताच म्हणाला, "मॅडम, व्हॉट्सॲपवर बुकिंग केलं होतं का?"

इथून पुढचा ताप त्या चोरानं दिला त्यापेक्षा जास्त. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लागायलाच तास गेला. लागल्यावर ७,२०० मधले २,१४० रुपये कुठल्यातरी खात्यात थांबवले. ते परत हवेत तर कोर्टाचा आदेश आणा. बाकीचे पुढं गेले म्हणे. बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच टाकलाय, यात आम्ही काय करणार?" ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव-गाव द्या म्हटलं तर ते गोपनीय. अहो, आधार, पॅन घेतल्याशिवाय माझं साधं बचत खातं तुम्ही उघडलं नव्हतं. त्या चोराचंही आधार कुठल्यातरी बँकेकडं असणारच ना? मग गोपनीयता कुणाची सांभाळताय?

पोलिसांत आधी म्हणाले, हे दिवाणी आहे, ग्राहक आयोगात जा. जातो, पण तक्रार कुणाच्या नावानं करू, कापड दुकानदाराच्या? मग म्हणाले, गुन्हा चंदीगडच्या हद्दीतला आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की हद्द कुठलीही असो, खबर नोंदवून घ्यायची. प्रिंट नेऊन दाखवली. हवालदार ती न वाचता म्हणाला, "लोकांचे कोटी गेलेत, तुमचे लाखसुद्धा नाहीत." ते पैसे काय झाडाला लागले होते? शेवटी गुन्हा नाहीच, नुसता अर्ज घेतला आणि शिक्का मारून दिला. बरं, वरून "एवढे शिकलेले दिसता" हेही ऐकून घ्यायचं.

एक पक्कं करा. अर्जावर समाधान मानू नका, न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा, एफआयआर मागा. चॅट डिलीट करू नका, त्याला ब्लॉकही करू नका, आधी सगळे स्क्रीनशॉट काढा. आणि १९३० ला पैसे गेल्या-गेल्या फोन लावा, घरच्यांशी चर्चा नंतर.

ते पेज अजून चालू आहे. नाव बदललंय, फोटो तेच, आता शिमला विकतायत. कोल्हापुरात आणखी कुणाला याच पद्धतीनं गंडवलं असेल तर लाज बाजूला ठेवून कागद घेऊन या, सोमवारी अकरा वाजता मी सायबर ठाण्याच्या दारात असेन. एकट्याचा अर्ज ते फाइलला लावून मोकळे होतात.