हमामच्या खोलीचे छत: खतमबंद की प्लायवरच्या पट्ट्या?

श्रीनगरमध्ये नोकरीनिमित्त राहत असताना आमच्या मोहल्ल्यातील मशिदीच्या छताचा निर्णय ज्या चार-पाच जणांनी घेतला, त्यांत मीही होतो. पर्याय दोनच होते: हाताने जुळवलेले खतमबंद, म्हणजे लाकडाचे छोटे तुकडे एकमेकांत अडकवून केलेले काश्मिरी नक्षीचे छत, किंवा प्लायवर पट्ट्या डकवून काढलेली तशीच तारकानक्षी. काम नवे असताना खालून पाहिले तर दोहोंतील फरक सहसा लक्षात येत नाही, हे मान्य करायला हवे. प्लायचे काम लवकर उरकते आणि खर्चही बराच कमी येतो. वर्गणीवर चालणाऱ्या मशिदीला याचा विचार करावाच लागतो.

माझे मत ठरले ते आधीच प्लाय लावलेल्या हमामच्या, म्हणजे मशिदीतल्या हिवाळ्यात ऊब देणाऱ्या, खोलीमुळे. हिवाळ्यात तिथल्या दगडी फरशीखाली जाळ असतो आणि ती कोरडी ऊब थेट छताला भिडते. दुसऱ्याच हिवाळ्यात ताऱ्यांची टोके सुटू लागली. लाकूड आखडत होते, पण सरस त्याला हलू देत नव्हता. त्यामुळे पट्टी टोकाशी उचलली जाई, नखभर फट पडे आणि आतला फिकट प्लाय उघडा पडे. आम्ही दोनदा ती चिकटवून घेतली, तर तिसऱ्या वेळी फट शेजारच्या ताऱ्यात निघाली. नमाजानंतर भिंतीला टेकून बसले की नजर नेमकी तिथेच जायची, आणि मन फार खट्टू व्हायचे.

खतमबंदात बहुकोनी तुकडे खाचा पाडलेल्या पट्ट्यांमध्ये अडकवलेले असतात, त्यांना खिळा किंवा सरस लागत नाही. तुकडा आखडला तरी त्याची कड खाचेच्या आतच सरकते. मध्ययुगात कैरोच्या मामलूक राजवटीतील कारागिरांनी मिंबरांवर, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या पायऱ्यांच्या आसनांवर, लहान लहान तुकड्यांची नक्षी जुळवली, तीही लाकडाला असाच वाव ठेवून. झेलमकाठच्या, १७३२ मध्ये पुन्हा बांधलेल्या खानकाह-ए-मौला या श्रीनगरमधल्याच जुन्या लाकडी मशिदीचे छत पाहिल्यावर माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली.

अर्थात लाकूड नीट वाळलेले नसेल, तर खतमबंदही दगा देते, आणि चांगल्या कारागिरासाठी थांबावे लागते. आम्ही थांबलो. पुढे बर्फ वितळून नव्या छतात पाणी झिरपले, तेव्हा कारागिराने कडेची पट्टी काढली, एकेक तुकडा उतरवला, काळे पडलेले दोन बदलले आणि बाकीचे पुन्हा आपापल्या जागी बसवले.

जिथे ऊब पोचत नाही, अशा प्रवेशाच्या भागात प्लाय लावण्यास माझी हरकत नाही. हमामसाठी मात्र, पैसे अपुरे असतील तर यंदा निम्मेच छत खतमबंदाचे करावे आणि उरलेले पुढच्या वर्षी घ्यावे, असे मला वाटते.