ईसीएचएस: आराखड्याला पैकीच्या पैकी, पैशाच्या पुरवठ्याला काठावर पास

सैन्यातल्या शिपायापासून हवालदारापर्यंतच्या माणसाने निवृत्त होताना ३०,००० रुपये एकदाच भरायचे. पुढे नवरा-बायकोचा मोतीबिंदू असो, डायलिसिस असो की बायपास, आयुष्यभर उपचार कॅशलेस. खर्चाला वरची मर्यादा नाही, आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबायची अट नाही, साठी उलटली म्हणून हप्ताही चढत नाही. बाजारातली एकही मेडिक्लेम पॉलिसी या अटींच्या जवळपास फिरकत नाही. म्हणून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचं, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ईसीएचएसचं, परीक्षण करताना आधी हे कबूल करायला हवं की मुळात वस्तू उत्तम आहे. रखडते ती पैशापाशी, आणि ते रखडणं पॉलिक्लिनिकच्या, म्हणजे योजनेच्या स्वतःच्या दवाखान्याच्या, औषधखिडकीपासून हॉस्पिटलच्या ॲडमिशन काउंटरपर्यंत दिसतं.

योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. संरक्षण मंत्रालयाचा माजी सैनिक कल्याण विभाग पैसा देतो, दिल्लीचं केंद्रीय कार्यालय कारभार बघतं, खाली प्रादेशिक केंद्रं आहेत (महाराष्ट्रात पुणे, मुंबई आणि नागपूर) आणि देशभर चारशेहून जास्त पॉलिक्लिनिक. जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) वर्गणी ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांसाठी १,२०,००० रुपये. हे दर डिसेंबर २०१७ च्या आदेशाचे. वॉर्डही त्याच क्रमाने: जनरल, सेमी-प्रायव्हेट, प्रायव्हेट. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना वर्गणी माफ आहे. सदस्य झालं की पेन्शनसोबत मिळणारा दरमहा १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता बंद होतो. त्यावरून कुरकुर ऐकू येते, पण रक्तदाब आणि मधुमेह अशी जोडगोळी घरात असेल तर हजार रुपयांत महिन्याच्या गोळ्याही येत नाहीत. हिशेब सरळ आहे.

पहिली ठेच लागते ती कार्डाच्या अर्जात. ६४ केबीच्या स्मार्ट कार्डासाठी अर्ज ऑनलाइन भरायचा आणि प्रत्येक अवलंबिताचं कार्ड वेगळं. अर्ज परत येतो तो बहुतेकदा नावामुळे: डिस्चार्ज बुकात एक स्पेलिंग, पेन्शन मंजुरीच्या पीपीओत दुसरं, आधारवर तिसरं. बायकोचं माहेरचं नाव कुठेतरी तसंच राहिलेलं असतं. मुलाच्या जन्माची किंवा लग्नाची नोंद सैन्याच्या वैयक्तिक नोंदींच्या आदेशात, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्येच नसेल, तर पॉलिक्लिनिकला हात जोडून उपयोग नाही, रेकॉर्ड ऑफिसकडूनच दुरुस्ती करून आणावी लागते. हे काम नोकरीत असतानाच उरकलं तर आठवड्यांत होतं, निवृत्तीनंतर महिने जातात. अर्ज स्वीकारला गेला की तात्पुरती स्लिप मिळते. कार्ड येईपर्यंत तिच्यावर उपचार होतात, म्हणून ती छापून पाकिटात ठेवावी.

मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत किंवा त्याआधी कमावता झाला वा लग्न झालं तर तोपर्यंतच पात्र. मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत. आई-वडिलांचं उत्पन्न दरमहा ९,००० रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता या मर्यादेच्या आत हवं. नोकरीला लागलेल्या मुलाचं कार्ड ‘असू दे की’ म्हणून चालू ठेवणं महागात पडतं: वसुली निघते आणि मूळ सदस्याचं कार्डही अडकतं.

पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर बहुतेक ठिकाणी चांगले भेटतात. प्रश्न त्यांच्या संख्येचा आणि टिकण्याचा आहे. प्रमुखापासून फार्मासिस्टपर्यंत सगळा नागरी कर्मचारीवर्ग कंत्राटी, करार नूतनीकरणाच्या बोलीवर. बाहेर जास्त पगार मिळाला की माणूस जातो, मग नवी भरती होईपर्यंत दोन डॉक्टरांची ओपीडी एकावर येते. सकाळी नंबर लावून दुपारी आत जाण्यामागचं कारण बहुधा हेच असतं, कोणाचा आळस नाही.

औषधखिडकीवर ‘एनए’ ही दोन अक्षरं सगळ्यांना पाठ आहेत: नॉट अव्हेलेबल. पॉलिक्लिनिकला औषधं येतात ती मुख्यतः जवळच्या लष्करी हॉस्पिटलच्या खरेदीयंत्रणेतून. मागणी आधी नोंदवायची, मग निविदा, मग पुरवठा. या साखळीत कुठेही निधी संपला की आधी महागडी औषधं गळतात: नव्या पिढीची इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कॅन्सरच्या कॅप्सूल. पॅरासिटामॉल मात्र बाराही महिने हजर. एनए औषध मिळवायचे दोन रस्ते आहेत. पॉलिक्लिनिकने नेमलेल्या स्थानिक केमिस्टकडून ते मागवून घेणं, किंवा स्वतः विकत घेऊन परतावा मागणं. दुसऱ्या रस्त्याला जाणार असाल तर प्रिस्क्रिप्शनवर फार्मासिस्टचा एनए शिक्का, तारीख आणि सही त्याच दिवशी घ्या. आठवड्याने परत गेल्यावर ‘तेव्हा स्टॉक होता’ असं उत्तर आलं तर तुमच्या हातात काहीच नसतं. डॉक्टरने बाहेरच्या ब्रँडचं नाव लिहिलं असलं तरी मिळेल ते त्याच घटकाचं जेनेरिक. घटक आणि मिलिग्रॅम जुळत असतील तर त्यावरून भांडायचं कारण नाही.

तज्ज्ञ डॉक्टर किंवा ऑपरेशनसाठी बहुतेकांना रेफरल, म्हणजे पॉलिक्लिनिकची चिठ्ठी, लागतं. पॉलिक्लिनिकचा डॉक्टर ते काढतो, एम्पॅनेल्ड, म्हणजे योजनेशी करार केलेल्या, यादीतलं हॉस्पिटल निवडायचा हक्क मात्र रुग्णाचा. हे अनेकांना माहीत नसतं आणि समोरचा जे नाव टाकेल तिथे ते जातात. जाण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात. एक, त्या हॉस्पिटलचं एम्पॅनेलमेंट तुम्हाला हव्या असलेल्या शाखेसाठी आहे का, कारण हृदयरोगासाठी यादीत असलेलं हॉस्पिटल मेंदूविकारासाठी असेलच असं नाही. दोन, रेफरलवर छापलेली वैधतेची तारीख. ती उलटल्यावर झालेल्या तपासणीचं बिल अडकतं. ऑपरेशनचं पॅकेज ठरलेलं असतं आणि त्यात खोली, सर्जन, भूल, थिएटर, नेहमीच्या तपासण्या, औषधं सगळं येतं: मोठ्या सुपरस्पेशालिटी शस्त्रक्रियेला १२ दिवसांपर्यंत, इतर मोठ्या शस्त्रक्रियेला ७, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला ३, डे-केअरला १. तेवढ्यात कोणी ‘हे पॅकेजबाहेरचं आहे’ म्हणून पैसे मागितले तर लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याच मागण्या विरून जातात. स्वतःच्या पात्रतेपेक्षा वरचा वॉर्ड घेतला तर मात्र फरक खिशातूनच.

इमर्जन्सीत रेफरल लागत नाही. यादीतल्या हॉस्पिटलने ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला ऑनलाइन कळवायचं असतं. ते त्यांचं काम, पण घरच्यांनी हेल्पडेस्कवर विचारून खात्री करावी. यादीबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं तर कळवायची जबाबदारी घरच्यांवर येते, तीही त्याच ४८ तासांत. तोंडी नको. ईमेल किंवा अर्जाची पोच हवी. प्रकृती स्थिर झाल्यावर यादीतल्या हॉस्पिटलात हलवावं, ही अपेक्षा असते. ‘इथेच बरं वाटतंय’ म्हणून पुढे काढलेले दिवस परताव्यात कापले जातात.

परताव्याच्या फाइलीवर दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. डिस्चार्ज समरी, मूळ बिलं आणि पावत्या, बिलाचा बाबवार तपशील, इमर्जन्सी होती असं डॉक्टरचं प्रमाणपत्र, कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक, हे सगळेच जोडतात. राहतं ते असं: स्टेंट किंवा गुडघ्याच्या सांध्याचं स्टिकर आणि त्या वस्तूचं वेगळं इनव्हॉइस. हॉस्पिटलने ‘इम्प्लांट चार्जेस’ म्हणून एक आकडा लिहिला असेल तर तो तपासनीसाच्या दृष्टीने कोरा कागद आहे. ऑपरेशनच्या दिवशीच स्टिकर मागून घ्यावं, डिस्चार्जनंतर ते मिळत नाही. दुसरी राहणारी गोष्ट म्हणजे औषधांची एकत्रित यादी, तारीखवार. तिसरी, पूर्ण फाइलीची झेरॉक्स आपल्याजवळ. आणि मंजूर होणारी रक्कम हॉस्पिटलच्या बिलाएवढी नसते. ती सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या, दराने मोजली जाते, त्यामुळे मोठ्या खासगी हॉस्पिटलच्या बिलातला बराच भाग सदस्याच्याच अंगावर राहतो. यादीबाहेरचं हॉस्पिटल निवडताना हे डोक्यात ठेवावं.

इथवर वाचून वाटेल की सगळा दोष कागदपत्रांचा. तसं नाही. यादीतलं हॉस्पिटल ‘सध्या ईसीएचएसचे बेड नाहीत’ म्हणतं, तेव्हा बेड बऱ्याचदा असतात. हॉस्पिटल बिल छाननी करणाऱ्या यूटीआयआयटीएसएल कंपनीच्या पोर्टलवर चढवतं, छाननी होते, शंका निघाल्या की जादा माहिती मागवली जाते, कपात होते आणि मग निधी असेल तसं बिल चुकतं होतं. ‘निधी असेल तसं’ हे शब्द महत्त्वाचे. वर्षाची तरतूद वर्षाच्या खर्चाला पुरत नाही, थकबाकी पुढच्या वर्षात जाते आणि नव्या वर्षाच्या पैशातून आधी जुनी देणी फिटतात. म्हणजे एप्रिलमध्ये आलेला पैसा बराचसा आधीच खर्च झालेला. छोट्या शहरातल्या चाळीस-पन्नास खाटांच्या हॉस्पिटलला सहा महिन्यांची थकबाकी झेपत नाही, ते यादीतून बाहेर पडतं. मग तिथल्या पेन्शनरला डायलिसिससाठी दुसऱ्या जिल्ह्याची बस धरावी लागते.

आकडे पाहिले की हे अंदाजाचं बोलणं राहत नाही. २०२३-२४ च्या मूळ तरतुदीत सुधारित अंदाजाच्या वेळी सुमारे ७० टक्के वाढ करावी लागली. घरखर्चाचा अंदाज इतका चुकला तर आपण किराणा महागला म्हणत नाही, मुळात यादीच अपुरी होती म्हणतो. त्यानंतरची मूळ तरतूद: २०२४-२५ ला ६,९६८ कोटी, २०२५-२६ ला ८,३१७ कोटी आणि २०२६-२७ ला १२,१०० कोटी रुपये. शेवटची उडी सुमारे ४५ टक्क्यांची आहे आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण ही उदारता समजू नये, बराचसा भाग गेल्या वर्षांची थकबाकी फेडण्यात जाणार. शिवाय दर वाढले आहेत. सीजीएचएसच्या दरांची २०१४ नंतरची सर्वंकष दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये झाली आणि डिसेंबरमध्ये ईसीएचएसनेही नवे दर घेतले. अकरा वर्षं जुन्या दरात अँजिओप्लास्टी करायला हॉस्पिटलं नाखूश होती यात नवल काय? आता दर बरे आहेत, म्हणजे प्रत्येक बिल मोठं येणार. तरतूद तशीच वाढत राहिली नाही तर थकबाकी पूर्वीपेक्षा लवकर साचेल.

औषधांचा तुटवडा आणि बिलांचा विलंब या दोन्ही गोष्टी कॅगने २०१५ च्या अहवालातच नोंदवल्या होत्या. तेव्हापासून पोर्टल सुधारलं, कार्ड बदललं. निधीची पद्धत मात्र तीच राहिली: वर्षारंभी कमी, पुरवणीत जास्त. ‘सरकारने एवढा खर्च का करावा’ असं विचारणाऱ्यांना एकच उत्तर पुरे आहे. जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, कारण सैन्याला तरुण माणूस हवा असतो. बर्फातले गुडघे, तोफेच्या आवाजाने गेलेले कान आणि पाठीचे मणके तो सोबत आणतो. या वयात निवृत्त करण्याचा नियम सरकारचा, तर पुढच्या चाळीस वर्षांच्या उपचाराचं बिलही त्या नियमाचाच भाग आहे.

अग्निवीर या सगळ्याच्या बाहेर आहेत. चार वर्षांनी परतणाऱ्याला माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि ईसीएचएसही नाही, असं भरतीच्या अटींतच लिहिलेलं आहे. लष्करातल्या पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला सुरू झालं होतं, त्यामुळे हा प्रश्न आता दाराशीच आला आहे.

तक्रार करायची तर क्रम पाळावा: हॉस्पिटलचा हेल्पडेस्क, पॉलिक्लिनिकचा ओआयसी (प्रमुख अधिकारी), प्रादेशिक केंद्र, मग केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल. खासदाराला पत्र लिहायचं असेल तर ‘माजी सैनिकांवर अन्याय’ असं न लिहिता तीनच गोष्टी मागाव्यात: मूळ अर्थसंकल्पातच मागील वर्षाची थकबाकी वेगळी दाखवून भरणे, औषधखरेदीचा पैसा हॉस्पिटल बिलांपासून अलग ठेवणे, आणि पॉलिक्लिनिकच्या मंजूर पदांचा आकडा आजच्या सदस्यसंख्येनुसार नव्याने ठरवणे. सोबत गेल्या तीन महिन्यांत एनए मिळालेल्या औषधांची नावं, तारखा आणि रखडलेल्या परताव्याचा क्लेम नंबर जोडावा. संरक्षणविषयक संसदीय स्थायी समिती दरवर्षी अनुदानाच्या मागण्या तपासते, म्हणून हे पत्र अर्थसंकल्प मांडला जाण्याच्या आधी, शक्यतो डिसेंबरात, पोचलेलं बरं.